पोटातलं

ढोल्याने डॉक्टरीणबाईंसमोर सरळ शर्ट वर केला आणि पोटाची वळी दोन्ही हातांत धरली.

"यातली घ्या. हवी तेवढी घ्या. तिच्या अंगावर आहे काय?"

"अरे, झाक ते!" तपासणीच्या पलंगावरून ताई ओरडली. "लाज आहे का काही?"

डॉक्टरीणबाई हसल्या. त्या ताईच्या पायाची पट्टी सोडत होत्या. वाफेने भाजलेलं बाकी सगळं केव्हाच बरं झालं होतं, पण नडगीवरची तळहाताएवढी जखम महिनोन् महिने मिटायचं नाव घेत नव्हती. ढोल्याने शर्ट खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती जखम त्याच्याने बघवत नसे.

"चरबी त्यांचीच लागेल," बाई म्हणाल्या. "चरबीत मूळपेशी असतात. त्या वेगळ्या करून जखमेत सोडायच्या. स्वतःच्या असल्या की शरीर तक्रार करत नाही."

"मग त्या पेशींचीच नवी कातडी होते?" ताईने विचारलं.

"थोडीफार होतही असेल. पण त्यांचं खरं काम वेगळं. जखमेच्या कडेच्या पेशी थकून बसल्यात, त्यांना या पुन्हा कामाला लावतात. सूज उतरवतात, नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात."

"मुकादमच म्हणा की!"

"अगदी. पण हमी नाही देत हं मी. हा उपचार अजून आम्ही तपासूनच बघतोय."

"आणि माझी नाहीच चालणार?" ढोल्याचा आवाज चिरकला.

"तुमची काही गरज नाही," बाई सहज बोलून गेल्या आणि तयारी सांगायला बाहेर पडल्या.

गरज नाही! त्यापेक्षा कुणी थोबाडीत दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आई गेल्यापासून ताईने आपल्या ताटातलं त्याच्या ताटात वाढून त्याला हा असा गरगरीत केला होता, आणि स्वतः राहिली काडी ती काडीच. निदान तिची चरबी तिला परत करावी, म्हणजे आतली टोचणी जरा कमी होईल, एवढीच बिचाऱ्याची आशा. तीही गेली.

लॉन्ड्री दोघांची. ताई भाजली त्या दिवशी वाफेच्या पाइपाचा वॉशर बदलायचं काम त्याचं होतं. वॉशर घातला, नट हाताने फिरवला, पाना घ्यायला वळला आणि मित्राचा फोन आला. हा गप्पा मारत बाहेर गेला तो गेलाच. आत ताईने वाफ सोडली. तिची ती किंकाळी अजून त्याच्या कानात होती. धावपळ ओसरल्यावर त्याने गुपचूप तो नवाकोरा वॉशर काढून खिशात टाकला, दुसरा बसवला, नट पान्याने करकचून आवळला आणि सगळ्यांना सांगितलं, वॉशरच फाटका निघाला. "होतं असं कधी कधी," ताई म्हणाली होती. तेव्हापासून तो तिच्यासाठी राब राब राबत होता. अन्न गोड लागत नव्हतं. पोट मात्र मेलं तसूभर कमी होत नव्हतं.

"ढोल्या, तोंड का पाडलंस? बस इथे."

तो स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.

"माझ्या पोटात मिळेल ना रे त्यांना काही?"

"मिळेल गं. शोधतील."

"तुझ्या पोटात मात्र भरपूर आहे."

"तेच तर सांगत होतो! घेतच नाहीत त्या."

"त्यांना नको असेल. मला हवंय."

ती हसत नव्हती. तिने उशाची पर्स उघडली, आतून काहीतरी काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. वॉशर होता. गोल, काळा, कुठे साधी चीरसुद्धा नाही.

"खिसे तपासल्याशिवाय मी कुणाचा कपडा पाण्यात टाकत नाही, माहीत आहे ना तुला? पुन्हा कामाला बसले त्या पहिल्याच दिवशी सापडला. तुझ्या निळ्या पँटीत."

ढोल्याने तो उलटसुलट करून पाहिला. हा वॉशर शोधून शोधून, कुठेतरी पडला असेल म्हणून त्याने सोडून दिला होता.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली आणि पुढे निघून गेली. ताईने दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बाई येईपर्यंत वेळ आहे. बोल."

ढोल्याने मूठ आवळली.

"ताई, त्या दिवशी फोन आला होता..." तो थांबला. त्याने पहिल्यांदाच मान वळवून तिच्या उघड्या जखमेकडे नीट बघितलं. "नाही. फोनचं राहू दे. नट मी आवळलाच नव्हता."