राघूच्या घोंगडीवर बसून सांगा

मी राघूची घोंगडी. काळी, खरखरीत, कडेला दोन ठिगळं. राघूच्याच मेंढरांची लोकर. सणगराने मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली, तेव्हा पावसाचा थेंब माझ्यावरून घसरून जायचा. दारात पाहुणा आला की राघूची बायको सरुबाई आधी मला अंथरायची. आमच्यात भंडारा टाकलेल्या घोंगडीवर बसून माणूस खोटं बोलत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

वीस वर्षांपूर्वी तळेघरच्या रानात माणसं तापाने मरायला लागली. पुण्याहून एक डॉक्टर आले आणि डास पकडत बसले. राघू त्यांना म्हणाला, "सायब, डासाचं काय न्हाई. करवंदीच्या जाळीत बारीक गोचीड व्हतो. तो चावला की आठ दिसांनी माणूस तापतो." डॉक्टर हसले. तरी पांढरं फडकं ओढत ते गवतात फिरले. फडक्याला दोनच गोचीड लागले. मग राघूने मला खांद्यावरून काढलं आणि जाळ्यांमधून ओढलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टर चिमट्याने माझ्यातले गोचीड वेचत होते. दोनशेच्या वर निघाले. हसणं तिथेच थांबलं.

तीन वर्षं राघूने मला ओढलं. ही ठिगळं त्याच काट्यांची. चौथ्या वर्षी ताप त्यालाच चढला. डॉक्टरांनी त्याचं रक्त काढलं आणि बर्फाच्या डब्यात घालून जीपने पुण्याला नेलं. जीपमध्ये रक्ताला जागा होती, राघूला नव्हती. मला गुंडाळून तो फाट्यावर एसटीची वाट बघत बसला. एसटी आली तेव्हा माझ्या आत गार अंग होतं.

त्या रक्तात तापाचं मूळ सापडलं आणि त्यावर डॉक्टर मोठे झाले. त्यांच्या पुस्तकात माझा आणि राघूचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'स्थानिक मेंढपाळ'. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. मी गोचीड सोडत नव्हते, हे कसं सोडू?

गेल्या महिन्यात सरकारला जाग आली. राघूचा मरणोत्तर गौरव, घोडेगावच्या सभागृहात. 'घोंगडी सोबत आणावी', असंही पत्रात होतं. सरुबाईने मला काठीने झाडलं, उन्हात घातलं आणि नातीला, रोहिणीला, एकच विचारलं, "कागदावर लिवलं आसंल ना, गोचीड यानं दावला म्हनून?"

सभागृहात मला टेबलावर मांडलं. मधल्या खुर्चीत तेच डॉक्टर, आता केस पिकलेले. भाषणं झाली. सरुबाईच्या हातात शाल, नारळ आणि कागद आला. तिने कागद रोहिणीला दिला. "वाच."

"कै. राघू यांनी संशोधनास केलेल्या सहकार्याबद्दल..."

"सहकार्य मंजी?"

"मदत केली, आजी."

"मदत? वाट कुनी दावली मग?"

सरुबाईने शाल टेबलावर ठेवली, मला उचललं आणि व्यासपीठावर अंथरलं. कनवटीचा भंडारा काढून माझ्यावर टाकला. "डॉक्टर, तुमी माझ्या हातची भाकर खाल्ली हाय. बूट काढा, हितं बसा, आन् सांगा. गोचीड कुनी दावला?"

डॉक्टर उठले. त्यांचे काळे बूट माझ्या काठापासून चार बोटांवर थांबले. ते वाकले, बुटाच्या नाडीला हात लावला. मी अंग ताणून वाट बघत राहिले.

मग ते सरळ झाले. "गुडघे दुखतात हो," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

खुर्चीत बसूनही सांगता आलं असतं. पण टाळ्या वाजल्या, चहा आला, सगळे उठले.

सरुबाईने ना शाल घेतली, ना कागद. त्या दिवसापासून मी तिच्या ओट्यावर अंथरलेली आहे. ती घडी घालत नाही, कुणाला बसूही देत नाही. वीण सुटत चाललीय माझी. भंडारा मात्र धाग्यात अडकून राहिलाय.

डॉक्टर, तुमचंही वय झालं. या. गुडघे दुखत असतील तर रोहिणी हात देईल. बूट काढा, बसा, आणि मरायच्या आत एकदा त्याचं नाव घ्या.