आपल्याच रांगेतलं कुणीतरी

दुकान उघडायला नळशेठ खाली उतरले आणि पायरीवरच थबकले. त्यांच्या दारासमोर गाड्या लावायची जागाच उरली नव्हती. जिथे सकाळपासून प्लंबर लोकांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असायच्या, तिथे फक्कीच्या रेषा मारल्या होत्या, भल्यामोठ्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि एक नवाकोरा लाकडी बाक बरोब्बर त्यांच्या पायरीकडे तोंड करून बसवला होता. रस्त्याच्या दोन्ही टोकांना सिमेंटचे ठोकळे.

"हे काय चाललंय?" त्यांनी कुंडीत माती ओतणाऱ्या पालिकेच्या माणसाला विचारलं.

"शहराचा मधला भाग जरा बसण्या-उठण्यासारखा करायचाय, शेठ. काही महिने करून बघणार. लोकांना आवडलं तर कायम."

"आणि माझे पाईप काय या कुंडीत लावू?"

तो माणूस हसला. नळशेठ हसले नाहीत. नळ, पाईप, टाक्या, वॉशर असं त्यांचं दुकान. गिऱ्हाईक गाडी दारात लावून माल भरणार, तर धंदा. हातात लांबलचक पाईप घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत कोण जाईल?

संध्याकाळी व्यापारी मंडळाची बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष सोन्याचांदीचे व्यापारी. त्यांच्याच दुकानावरच्या खोलीत सगळे जमले. पालिकेची इंजिनीअर बाईही आली होती. वयाने लहान, पण कुणी आवाज चढवला तरी डगमगत नव्हती.

"आम्ही वरून काही लादलेलं नाही," ती म्हणाली. "या रस्त्यावर राहणाऱ्या, फिरणाऱ्या लोकांना विचारलं. बाक नेमका कुठे हवा, हे तर तुमच्याच रांगेतल्या एकांनी जागेवर उभं राहून दाखवलं."

मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या.

"आमच्या रांगेतलं? कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाव सांगता येणार नाही."

ती गेल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. "कुठेतरी पाणी मुरतंय," नळशेठ म्हणाले. सारा जन्म गळती थांबवायचा माल विकण्यात गेलेला, त्यामुळे हे शोधून काढणं आपल्याच अंगावर आहे असं त्यांना वाटलं.

घरी परतताना त्यांनी मनाशी एकेक दुकान तपासलं. फर्निचरवाला? त्याला तर त्यांच्याहून जास्त गाड्या लागतात. काचवाला? तो बैठकीत रडकुंडीला आला होता. आणि मग शेजारचं दुकान डोळ्यांपुढे आलं. बूटवाला.

बूटवाला त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांच्या दुकानांत एक भिंत सामाईक. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चहा एकाच किटलीतून. पण विचार करावा तसं सगळं जुळत गेलं. बूट घ्यायला लोक पायी येतात. निवांत फिरणारा माणूस काचेतले बूट बघत थांबतो, गाडीवाला भुर्रकन निघून जातो. शिवाय बैठकीत सगळे तावातावाने बोलत असताना हा एकटा अळीमिळी गुपचिळी बसला होता. नळशेठांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडा टाकून बघितला. "बाक छान केलाय, नाही?"

"छान आहे," बूटवाला म्हणाला आणि नजर टाळून बुटांची खोकी लावू लागला.

एवढं पुरे होतं. त्या दुपारपासून नळशेठांनी चहा बंद केला. "पित्त होतं," म्हणाले. बूटवाल्याने पुन्हा विचारलं नाही. त्याचं न विचारणंही नळशेठांना खुपलं. चोराच्या मनात काही नसतं, तर त्याने कारण विचारलं असतं!

आता त्यांना जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. बाकावर बसलेला म्हातारा बूटवाल्याच्या दुकानाकडे बघत होता. कुंड्यांना पाणी घालणारा माणूस बूटवाल्याशी दोन शब्द बोलला. त्यात गिऱ्हाईकही घटलं. दोन जुने प्लंबर हायवेवरच्या दुकानात जाऊ लागल्याचं कानावर आलं, आणि त्या दिवशी नळशेठांना दुपारचं जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास बायकोचं वागणंही त्यांना वेगळं वाटू लागलं. घर दुकानाच्या वरच. एरवी ती बाजारहाट सोडून खाली उतरायची नाही, गुडघे दुखायचे. आता रोज संध्याकाळी केस विंचरून, ठेवणीतली ओढणी घेऊन ती खाली जाऊ लागली.

"कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"इथेच म्हणजे इथेच. भूक लागलीय का तुम्हाला?"

एका संध्याकाळी त्यांनी दुकानातून मान काढून बघितलं, तर ती बाकावर बसलेली, आणि बूटवाला तिच्या हातात चहाचा कप देत होता. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. नळशेठांना बघताच बूटवाला आत गेला. नळशेठांच्या मनात नको नको ते आलं. क्षणभरच, मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण गेलेलं मन परत जागेवर येईना. हे दोघं आपल्यापासून काहीतरी लपवतात, एवढं मात्र पक्कं झालं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अध्यक्षांना गाठलं. "नाव हवंय ना? बूटवाला."

"खात्री आहे?"

"भिंतीला भिंत लागून आहे आमची. मला नाही कळणार?"

अध्यक्षांनी लगेच पुढची बैठक लावली. बूटवाल्याला मंडळातून काढायचं, त्याच्याकडे कुणी गिऱ्हाईक पाठवायचं नाही, असं आतल्या आत ठरलंही.

बैठकीच्या दिवशी दुपारी एक प्लंबर कोपऱ्यावर गाडी लावून थांबला होता. नळशेठ स्वतः पाईपचा भारा खांद्यावर घेऊन दुकानातून निघाले. बाकावर बायको बसली होती. तिच्यापुढे इंजिनीअर बाई हातात टेप घेऊन वाकली होती.

"आता पाठ नीट टेकते ना, काकू? तुम्ही म्हणालात म्हणून हात टेकायला दांडाही लावून घेतला. उठताना बरं पडतं ना?"

"फार बरं पडतं गं," बायको म्हणाली. "मी दाखवली तिथेच ठेवलात, म्हणून सावलीही मिळते."

पाईप खांद्यावरून सुटले आणि खणखणत रस्त्यावर पसरले. बायकोने वळून पाहिलं. पाईप गोळा करायला सगळ्यांत आधी धावला तो बूटवाला. नळशेठ नुसते उभे होते.

माल गाडीत चढवून ते वर आले. बायको त्यांच्या मागोमाग आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"तू?" ते म्हणाले.

"मीच."

"माझ्याच दुकानासमोरच्या गाड्या काढा म्हणालीस? नवऱ्याच्या पोटावर पाय द्यायला तुला काहीच कसं वाटलं नाही?"

"त्या मुलीने दार वाजवलं. विचारलं, या रस्त्यावर तुम्हाला काय त्रास होतो? अहो, या घरात येऊन मला असं कुणी कधी विचारलं होतं? मी सांगितलं, खिडकी उघडली की धूर येतो. भाजी आणायला निघाले की अर्ध्या वाटेत गुडघा धरतो. बँकेच्या पायरीवर टेकले तर वॉचमन उठवतो. जगात उभं राहायला जागा आहे, पण बसायला नाही. ती म्हणाली, बाक कुठे हवा? मी खाली जाऊन दाखवलं. तुमचा धंदा एवढा अडेल हे माझ्या लक्षात आलं नाही, हे खरं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून."

मग त्यांनी खाली बघत सांगितलं, की आज मंडळ बूटवाल्याला काढणार आहे. का काढणार आहे, तेही सांगितलं. बायकोचा चेहरा पालटला. एवढा वेळ ती अपराध्यासारखी उभी होती. आता ती ताठ झाली.

"भावजींचं नाव तुम्ही घेतलंत? तुम्ही?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय काय वाटलं ते मला ऐकायचं नाही. तुम्ही जाऊन सांगणार, की मी जाऊ? गुडघ्यांनी अध्यक्षांकडचा जिना चढवेल की नाही कोण जाणे, पण मी जाईन."

"तू नको. मी जातो," नळशेठ म्हणाले.

बैठकीत अध्यक्षांनी पाल्हाळ न लावता बूटवाल्याला उभं केलं. "आमच्या पाठीमागून तू पालिकेला जाऊन मिळालास असं कळलंय. काय म्हणणं आहे?"

बूटवाल्याने एकदा नळशेठांकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांनी नळशेठांना सगळं कळलं. याला ठाऊक होतं. तो नजर टाळत होता ती त्यामुळे. ते उठले.

"याने काही केलेलं नाही. ते माझ्या घरातून गेलं. माझ्या बायकोने सांगितलं. आणि याचं नाव मी दिलं, शहानिशा न करता."

आधी कुणाला कळेचना. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोलीभर हशा पिकला. "घरातली गळती दिसली नाही का, नळशेठ?" काचवाला म्हणाला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "आम्हाला तोंडघशी पाडलंत," म्हणाले. नळशेठ मान खाली घालून बसले. विषय तिथेच बारगळला.

जिन्यात त्यांनी बूटवाल्याला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"वहिनी त्या बाईला जागा दाखवत होत्या तेव्हा मी दुकानातच होतो."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगून तुझ्या घरात भांडण लावू? वहिनी म्हणाल्या, मीच सांगेन, जरा धीर येऊ दे. मी थांबलो." दोन पायऱ्या उतरून तो वळला. "तुला माझा संशय आला त्याचं मला एवढं नाही. माणसाला येतो. पण समोर येऊन एकदा विचारायचंस. शिवी देऊन विचारायचंस."

बूटवाला निघून गेला.

पुढच्या आठवड्यात नळशेठ पालिकेत गेले. इंजिनीअर बाई आपल्याला बघून सावध झाली हे त्यांच्या लक्षात आलं. तेही सावधच होते. ही गोड बोलून आणखी काय काढून घेते, असं वाटत होतं. तरी त्यांनी सांगितलं, की माल भरायला थोडा वेळ तरी गाडी आत यायला हवी. तिने फर्निचरवाल्यालाही बोलावून घेतलं, आणि सकाळी दुकानं उघडताना गाड्या आत सोडायचं ठरलं. एका टोकाचे ठोकळे सरकवता येतील असे केले. गेलेल्या दोन प्लंबरांपैकी एक परत आला. दुसरा हायवेलाच रमला.

महिने सरले आणि बाक कायम झाला. संध्याकाळी रस्ता भरू लागला. नळशेठांना ती गर्दी अजून पुरती पटलेली नाही. कोण कुठला येऊन बसतो, कशाला बसतो, यावर त्यांची नजर असतेच. बायकोशी त्यांचं नीट बोलणं सुरू व्हायला बरेच दिवस लागले. बूटवाल्याशी त्याहून जास्त. तो बोलतो, हसतोही, पण पूर्वी मनातलं भडाभडा बोलायचा तसा बोलत नाही, हे नळशेठांना रोज जाणवतं.

परवा मात्र त्याने भिंतीवर थाप मारून हाक दिली, "अरे, माझ्या मोरीचा नळ गळतोय. बघतोस का जरा?" नळशेठ हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून पाना घेऊन गेले.