गोजर माझ्यावर बसला त्या दिवशी

मी एक खुर्ची बोलतेय. मानाची नव्हे, साधी प्लास्टिकची. काळूरामने मला मुरबाडच्या बाजारातून पक्षाच्या सभांसाठी आणलं आणि माझ्या पाठीवर आपलं नाव नि पक्षाची निशाणी रंगवून घेतली.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. सभा थोड्या, लग्नं-बारशीच जास्त. मी सगळीकडे जायचे. फक्त गोजर माझ्यावर बसायचा नाही. तो दुसऱ्या पक्षाचा. काळूरामच्या बांधाला बांध लागून त्याचं शेत, पण दोघांचं बोलणं बंद. मांडवातही तो ताटकळत उभा राहायचा. माझ्या पाठीवरच्या रंगाचा एवढा राग कशाला, मला कळेना.

मागच्या लावणीत गोजरला शेतात साप चावला. वाडीपर्यंत गाडी येत नाही. काळूराम चिखलाच्या पायांनी धावत घरी आला, मला उचलून घेऊन गेला आणि दोन्ही बाजूंना बांबू बांधले.

माझी पाठ बघून गोजर म्हणाला, "दुसरी नाय का?"

"हाय. पन हीच हाताला लागली. बस गुमान."

चौघांनी मला खांद्यावर घेतलं. उतारावर गोजरची मान कलायला लागली, तसा काळूराम त्याच्या पुढाऱ्याला शिव्या देऊ लागला. चोर म्हणाला, वाडीचा रस्ता खाल्ला म्हणाला. मला संताप आला. अशा वेळी कोणी असं बोलतं? पण गोजरने डोळे उघडले.

"रस्ता तुमच्यांनी खाल्ला."

तो गप्प झाला की काळूराम पुन्हा डिवचायचा. डांबरी रस्ता लागेपर्यंत दोघं भांडत होते. गोजरला जीपमध्ये घालून माणसं गेली, तेव्हा काळूराम माझ्यावर बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. मी पार गोंधळले.

गोजर वाचला. मला वाटलं, आता तो पक्ष बदलेल. कसलं काय! ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याने स्पीकरवरून काळूरामची पिसं काढली. काळूराम पडला.

निकालाच्या संध्याकाळी काळूराम न जेवता बसून होता. मिरवणूक सोडून गोजर दारात आला, अंगभर गुलाल. काळूरामच्या बायकोला, चंद्रकलाला म्हणाला, "वैनी, मलापन वाढ. यो एकटा नाय जेवायचा."

दोघं जेवले. जेवताना पुन्हा भांडले.

उन्हापावसाने मी आता तडकलेय. भंगारवाला परवाच विचारून गेला. चंद्रकला, एवढ्यात मला देऊ नकोस गो. हे दोघं एकमेकांचे कोण, ते मला अजून उमगलेलं नाही.