तोंडी परीक्षेतली आजी

अकराव्या विद्यार्थ्याची आजी वारली, तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि उठून खिडकी उघडली.

उकडत होतं म्हणून नव्हे. सकाळपासून एकेक जण येऊन प्रश्न ऐकायला तोच हेडफोन कानाला लावत होता, आणि त्याच्या स्पंजाला आता अकरा जणांच्या कानांचा घाम नि कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलं होतं. समोर बसलेल्या उंच, किडकिडीत मुलाने तो काढून टेबलावर ठेवला, तेव्हा स्पंजाचा चिकट आवाज झाला.

रविवारी चिनी भाषेची परीक्षा होती. ती पास झाली की ही पोरं परदेशात डॉक्टरकी शिकायला जाणार. तिथे पोचल्यावर आणखी एक चाचणी, कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला. सराव म्हणून क्लासने आज सगळ्यांची तोंडी ठेवली होती आणि ती घ्यायचं काम मॅडमच्या गळ्यात पडलं होतं. अठरा वर्षं एका यंत्रांच्या कंपनीत त्यांनी दुभाष्याचं काम केलं होतं. मालक लोक एकमेकांना घालायचे ते टोमणेसुद्धा त्यांनी न अडखळता इकडून तिकडे पोचवले होते. पण असा वीट त्यांना कधी आला नव्हता.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच: डॉक्टर का व्हायचंय? आणि उत्तरही सगळ्यांचं एकच. माझ्या आईची आई आजारी होती. औषध कडू लागायचं म्हणून ती गोळ्या गिळायची नाही, उशीच्या अभ्र्यात लपवायची. ती गेल्यावर मी अभ्रा काढला तर आत सतरा गोळ्या सापडल्या. त्याच दिवशी मी ठरवलं.

बरं, क्लासच्या नोट्समधून पाठ केलेल्या या उत्तरात चूकही होती. चिनीत वस्तू मोजताना वस्तूगणिक वेगळा शब्द जोडावा लागतो. इथे गोळ्यांना माणसं मोजायचा शब्द जोडला होता. आपल्याकडे ‘सतरा जणी गोळ्या’ म्हणावं तसं. अकरा तोंडांतून अकरा वेळा त्या सतरा जणी बाहेर पडल्या होत्या.

“तुझी आजी खरंच गेली का रे?” मॅडमनी विचारलं.

“छे हो, मॅडम. खाली गाडीत बसलीय. मला न्यायला आलीय.”

“तिला माहितेय का, तू वर काय सांगतोस ते?”

मुलगा हसला. “तिला कुठे चिनी येतं!”

तो गेला आणि दारातून गॅरंटी सरांनी डोकं आत घातलं. हे क्लासचे मालक. दर वाक्याच्या शेवटी गॅरंटी देत म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आणि ते त्यांना आवडायचं.

“कशी चाललीय तोंडी?”

“आज्या पटापट मरतायत,” मॅडम म्हणाल्या.

“व्वा! म्हणजे पाठांतर पक्कं आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, मॅडम. मार्क गॅरंटी.”

डोकं बाहेर गेलं. मॅडम बाटलीतलं कोमट पाणी प्यायल्या.

बाराव्या नंबरवर आली ती रिपीटर. गेल्या वर्षी ऐकण्याच्या भागात चार गुणांनी राहिली होती, म्हणून वर्गाने तिचं असं बारसं केलं होतं. मॅडम क्लासला लागून चारच महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी हिला वर्गात कधी आपणहून बोलताना ऐकलं नव्हतं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. हेडफोन कानाला लावण्याआधी तिने स्पंज ओढणीने पुसला.

पहिले प्रश्न तिने चोख सोडवले. चिनी शब्दांचे सूर स्वच्छ होते, चढ तिथे चढ, उतार तिथे उतार. मॅडम जरा सावरून बसल्या. मग शेवटचा प्रश्न आला आणि पोरगी म्हणाली, माझ्या आईची आई आजारी होती.

मॅडमनी डोळे मिटले. ही तरी वेगळं बोलेल, असं त्यांना वाटून गेलं होतं.

ती मात्र घाई करत नव्हती. गोळ्यांशी आल्यावर तिने गोळ्या मोजायचा बरोबर शब्द वापरला. पण आकडा म्हणाली, नऊ.

“थांब.” मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. “व्याकरण सुधारलंस, छान केलंस. पण चोरीचा माल तरी नीट पाठ करावा! सतरा आहेत. सगळ्यांच्या आज्या सतरा गोळ्या लपवून मेल्यात, तुझीच आजी नऊवर कशी थांबली?”

मुलीने हेडफोन काढला. तो हातातच धरून ती बसली.

“नऊच होत्या, मॅडम.”

“कशावरून?”

“मी मोजल्या होत्या.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी मोठ्याने पाठ करत होतं. अभ्रा, उशी, सतरा जणी.

“गेल्या वर्षी घरचा अभ्यास म्हणून लिहिलं होतं,” मुलगी म्हणाली. “आजी जाऊन आठवडा झाला होता. दुसरं काही सुचत नव्हतं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. मग यंदाच्या नोट्स आल्या तर त्यात तेच होतं. सतरा त्यांनी केलं. ती गोळ्यांची चूक मात्र माझीच. तेव्हा मला येत नव्हतं.”

“बस इथेच,” मॅडम म्हणाल्या. त्या उठल्या आणि थेट ऑफिसात गेल्या.

गॅरंटी सर पेनाचं टोपण कानात फिरवत होते. मॅडम बोलत होत्या तोवर त्यांनी ते बाहेर काढलं, निरखलं, शर्टाला पुसलं आणि परत पेनाला लावलं.

“अहो, तिचं नाव कुठे टाकलंय आपण?” ते म्हणाले. “उलट पोरीचा मानच आहे. चाळीस जण पास होतील तिच्या आजीवर.”

“आणि ती? रविवारी ती हेच बोलली तर चाळिसातली एक ठरेल. तिची खरी आजीही नक्कल वाटेल.”

“मग तिला म्हणावं, दुसरं बोल. हुशार आहे.”

“नोट्समधनं ते पान काढा.”

“काढतो की. आत्ता काढतो.” सर खुर्चीत मागे रेलले. “तीन दिवसांत चाळीस पोरांना दुसरं काय द्यायचं, तेवढं सांगा. त्यांना तर आपलं आपण चार वाक्यं जोडता येत नाहीत. हेही तुम्हालाच ठाऊक.”

मॅडमना ठाऊक होतं. त्याचीच सर्वांत जास्त किळस आली. त्या टेबलावरचं ते पेन, त्या शर्टावरचा तो पिवळट डाग, आणि या माणसाचं म्हणणं चुकीचं नाही हे. “पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही,” त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली, जणू पंखा बंद करू का, असं कुणी विचारलं होतं.

परत आल्या तर मुलगी तशीच कडेला बसलेली.

“मी खरं तेच सांगितलं तर नाही का चालणार, मॅडम?”

“नाही चालणार.”

“पण माझ्याकडे दुसरं कारणच नाहीये.”

मॅडम खुर्चीत बसल्या. कोरा कागद ओढला.

“लहानपणी तुझं हाड मोडलं होतं का?”

“नाही.”

“मोडलं होतं. डावा हात. सहावीत असताना.”

मुलीने खुर्ची पुढे ओढली.

“कशावरून पडले?”

“ते तू ठरव.”

“जिन्यावरून,” ती म्हणाली. लगेच म्हणाली, “नको. झाडावरून. जिना सगळेच सांगतील.”

मॅडमनी लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घालताना एक विनोद केला, तो कुठला हे दोघींनी मिळून ठरवलं. हात किती आठवडे बांधलेला होता तेही ठरलं. प्लास्टर कापल्यावर आतली कातडी किती पांढरी दिसते ते मुलीने स्वतःच घातलं. दहा मिनिटांत उत्तर तयार झालं. चांगलं होतं. चाळिसांत उठून दिसलं असतं. लिहिता लिहिता आपल्याला मजा वाटू लागली होती हे मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“बोल.”

मुलगी बोलली. कुठे अडली नाही. विनोदाशी आल्यावर थोडंसं हसलीदेखील, अगदी हवं तेवढंच. मॅडमनी तक्त्यात पैकीच्या पैकी गुण भरले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“थँक्यू, मॅडम.”

तिने कागदाची घडी घातली, उठली, आणि सॅक उजव्या खांद्यावर घेतली. दार तिने उजव्याच हाताने उघडलं. डावा हात तिने कोपरात दुमडून, जरा जपून, अंगाशी धरला होता.