आयशाबीचा अडीच दिवसांचा गल्ला

आयशाबीच्या नणंदेच्या पोरीचं लग्न मुकुटबनला होतं आणि आयशाबी काही जाणार नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याच नणंदेनं भर दस्तरखानावर, सगळे जेवत असताना, तिच्या बिर्याणीला मसालेभात म्हटलं होतं. आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कोण जाईल? वाहिदनं दोनदा आग्रह केला, मग बॅग काढली. बायकोचा राग त्याला माहीत होता.

"मंग अडीच दिवस दुकान बंद ठेवा लागते," तो बॅग भरता भरता म्हणाला.

"बंद कायले? मी हाय ना."

वाहिद हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं, पण तो बॅग खाली ठेवून हसला.

दुकान म्हणजे यवतमाळातल्या एका चौकातला 'वाहिद किराणा'. एका अंगाला रिटायर साहेबलोकांची घरं, दुसऱ्या अंगाला गॅरेजवाल्यांची गल्ली, मागं शहरानं केव्हाच पोटात घेतलेला तांडा. तिन्हीकडची माणसं याच एका फळीसमोर उभी राहायची. आयशाबीचं घर दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. सगळे भाव तिला तोंडपाठ होते. पण सव्वीस वर्षांत वाहिदनं तिला तराजूला हात लावू दिला नव्हता.

आणि तिला तो गल्ला पाहिजेच होता. पैशासाठी नाही हो! सकाळी सात ते दहा त्या फळीवर अख्ख्या चौकाच्या बातम्या उतरत. कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कोणाच्या पोरानं नोकरी सोडली, सगळं. आयशाबीला ते वाहिदच्या तोंडून दुपारी मिळायचं, आणि त्या माणसाला सांगताच येत नव्हतं. भांडण कशावरून झालं विचारलं तर म्हणायचा, "झालं असंच कायतरी." सव्वीस वर्षं ती बाई अशी उपाशी होती.

"हे पाह्य," वाहिद म्हणाला, "गिऱ्हाईक सांभाळणं म्हंजे फोडणी देणं नाही. एका जरी गिऱ्हाइकाचं सामान फळीच्या आत वापस आलं ना, तर पुन्हा गल्ल्याचं नाव काढाचं नाही."

"आन नाही आलं तर?"

"तर सकायचं दुकान तुहं. मी दहापर्यंत झोपतो."

"खाओ कसम."

"कसम."

आणि तो रात्रीच गेला.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता आयशाबी गादीवर बसली. साखर दिली, साबण दिला, तूरडाळ दिली. सगळं झक्कास. साडेसातपर्यंत तिला दोन साखरपुडे आणि एक मोडलेला साखरपुडा कळला. जीव कसा थंडगार झाला तिचा.

मग पद्मजाताई आल्या. त्या साहेबलोकांच्या बाजूच्या, यजमान यज्ञेश्वरराव जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. "अय्या, आज तुम्ही? छान! आमचा नेहमीचा चहा द्या, पाव किलो."

आयशाबीनं चहाच्या पोत्याचं तोंड उघडलं आणि माप आत घातलं.

"अहो, हा नाही," पद्मजाताई हळूच म्हणाल्या. "हा सगळ्यांचा. आमचा वेगळा असतो. वाहिदभाई आतून आणून देतात."

मागं लालीबाई उभी होती. तांड्यातली, चौकात भाजी विकायची, आवाज असा की गॅरेजातला हातोडा थांबावा. ती म्हणाली, "आतून? आतून तं आमचा येते!"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तेवढ्यात उकंडाकाकांनी स्कूटर थांबवली. एसटीतले जुने ड्रायव्हर, गॅरेजच्या गल्लीत एकटेच राहायचे. "माहा बी चहा देजो पोरी. पोत्यातला नको. माहा आतला हाय."

"हाय हाय, सगळ्यांचा आत हाय," आयशाबी म्हणाली आणि आत गेली.

आत तिनं पत्र्याचे डबे पाहिले. पलंगाखाली पाहिलं. पेटी उघडली. दोन जुन्या लुंग्या निघाल्या, लग्नाचा अल्बम निघाला, एक उंदीर निघाला. चहा कुठंच नाही! तिनं वाहिदला फोन लावला. तिकडं बँड वाजत होता.

"अजी, तो आतला चहा कुठी हाय?"

"काय? वरात आली!"

"चहा! साहेबाइचा चहा, लालीबाईचा चहा, उकंडाकाकाचा चहा! कुठी ठेवला तुमी?"

बँड थोडा लांब गेला. वाहिद बहुतेक कुठल्या तरी भिंतीमागं सरकला असावा, कारण तो कुजबुजायला लागला. "नाही."

"नाही म्हंजे?"

"म्हंजे एकच पोतं हाय. सगळ्यांचा तोच."

आयशाबी पलंगावर बसली. "या अल्लाह! लबाडी करून राह्यले तुमी?"

"लबाडी कायची? भाव सगळ्यांले एकच, माल एक नंबर. आता मले सांग, चहा सगळ्यांले आवडते का नाही? आवडते. फक्त शेजाऱ्याचाच चहा आपल्या घरी येते, हे कोनाले आवडत नाही. मंग मी काय करू? आयक आता ध्यान देऊन. पद्मजाताईसाठी आत जायचं, मनात वीस मोजायचे, बाहेर येऊन पुडी दोन्ही हातानं द्यायची आन हळू म्हनायचं, 'साहेबांसाठी निवडून ठेवला.' लालीबाईसाठी आत डबा वाजवायचा, जोरात. मंग म्हनायचं, 'बुडाचा काढला, बुडाचा कडक असते.' उकंडाकाकासाठी पुडी हुंगायची, 'हा नाही' म्हनून वापस जायचं आन तीच पुडी वापस आणायची."

"तीच?"

"तीच. नवरदेव घोड्यावरून उतरून राह्यला, ठेवतो."

आयशाबी चिडली होती खरी, पण तीन गिऱ्हाइकं फळीशी उभी होती. तिनं मुकाट्यानं बाहेर जाऊन पोतं ओढत आत नेलं ("हे वाटंत येते," असं म्हणून) आणि तीन पुड्या बांधल्या. मग वीस मोजले. मग डबा वाजवला, चांगला धडाधड. उंदीर पळाला. बाहेर येऊन तिनं पहिली पुडी हातात घेतली. आणि इथंच घोटाळा झाला. घाईत तिनं पुडी धरली लालीबाईपुढं, दोन्ही हातांनी, आणि हळूच म्हणाली, "खास निवडून ठेवला."

लालीबाईनं संशयानं पुडी घेतली. असं हळू बोलणं तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

मग पद्मजाताईंना आयशाबी दणक्यात म्हणाली, "घ्या! बुडाचा काढला! लय कडक हाय!"

पद्मजाताई एक पाऊल मागं सरकल्या.

उकंडाकाकांचं मात्र बरोबर जमलं. ते हुंगणं, ते "हा नाही", ती परतफेरी. काका खूश होऊन गेले.

दुसरा दिवस शांततेत गेला. आयशाबीनं चार बातम्या अशा ऐकल्या की एक तिनं वहीच्या मागं लिहून ठेवली. गल्ला आपलाच, असं तिला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वाहिदचा फोन आला, "मारेगाव सोडलं. दीड घंट्यात पोचतो." आणि फोन ठेवते न ठेवते तोच समोरून पद्मजाताई आल्या. हातात पुडी.

"आयशाबी, काहीतरी चुकलंय. साहेबांनी एक घोट घेतला आणि कपच खाली ठेवला. छातीत जळजळतंय म्हणाले. इतका कडक चहा आम्ही कधी घेत नाही हो!"

यज्ञेश्वररावांनी बत्तीस वर्षं ऑफिसात कँटीनचा उकळून काळा झालेला चहा प्यायला होता, पण ते बाजूला ठेवू.

आयशाबी तोंड उघडणार, तोच दुसऱ्या अंगानं लालीबाई आली. तिच्याही हातात पुडी. "काय वो भाभी, चहा हाय का गरम पानी? तीन चमचे टाकले तरी रंग येईना! माहा नवरा लालसिंग म्हन्ते, हा चहा हाय का बिमार माणसाचा काढा? घे वापस!"

एक सोडून दोन गिऱ्हाइकं, माल वापस घेऊन, आणि नवरा दीड तासावर! आणि चीड अशी आली की विचारू नका. एकाच पोत्याच्या दोन पुड्या, एकीनं छाती जळते, दुसरीला रंग येत नाही! 'बायांनो, एकच हाय तो!' अगदी जिभेवर आलं. पण बोलली असती तर सव्वीस वर्षांचं दुकान त्याच मिनिटाला बुडालं असतं, आणि तिचा गल्लाही. तिनं जीभ चावली. दोन्ही पुड्यांकडं पाहिलं. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"हाय अल्लाह! ताई, तुमचा कडक? आन लालीबाई, तुहा फिक्का?"

"तेच तं सांगून राह्यलो!"

"अवं मंग बदली झाली! ताईचा तुह्याकडं गेला आन तुहा ताईकडं! मी नवीन माणूस, मले काय मालूम? नाही, नाही, मह्या हातात नका देऊ. तुमीच एकमेकीले द्या."

दोघींनी पुड्या बदलल्या. पद्मजाताईंनी नव्या पुडीची घडी उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. "हां! हाच तो. वासच सांगतो ना!"

लालीबाईनं चिमूट तोंडात टाकून चावली. "हं. आता कसा जिभेले लागते! पाह्यना वो ताई, तुमी एवढा पानचट पेता?"

"आणि तुम्ही एवढा जहाल पिता?" पद्मजाताई म्हणाल्या, आणि दोघी हसत हसत गेल्या.

आयशाबीनं पदरानं घाम पुसला. इतक्यात उकंडाकाका. हातात पुडी. दोघींची अदलाबदल त्यांनी स्कूटरवरूनच पाहिली होती.

"मंग पोरी, माहा कोनाकडं हाय?"

"तुमचा तुमच्याचकडं हाय काका! चांगला नाही लागला का?"

"चांगलाच लागला. पण त्यायचा बदलला, मंग माहा कायले ठेवला?"

आयशाबीनं पुडी त्यांच्या हातातच ठेवून हुंगली. मान हलवली. पुन्हा हुंगली, मान जरा तिरकी केली, तिसऱ्यांदा हुंगून म्हणाली, "काका, हाच. शंभर टक्के."

"पक्का?"

"पक्का."

काका समाधानानं गेले. एकाही गिऱ्हाइकाचा माल फळीच्या आत आला नव्हता. आयशाबीनं दोनदा मोजून पाहिलं. नव्हता.

वाहिद ऑटोतून उतरला तेव्हा चेहऱ्यावर हसू घेऊनच उतरला. बॅग, मिठाईचा डबा आणि ते हसू. फळीसमोर पद्मजाताई आणि लालीबाई दोघी उभ्या पाहून त्याचं हसू आणखी रुंदावलं.

"काय वहिनी? काही तकरार?"

"तक्रार?" पद्मजाताई म्हणाल्या. "अहो, मी मुद्दाम सांगायला आले. साहेबांनी लागोपाठ दोन कप घेतले! म्हणाले, असा चहा आपल्या घरी आजवर झाला नाही. वाहिदभाई, राग मानू नका, पण इतकी वर्षं तुमच्या हातून थोडी सरमिसळ होत असणार."

"सरमिसळ?" वाहिदनं बॅग खाली ठेवली. "सरमिसळ कशी होईल वहिनी? चहा तं…"

"चहा तं काय?" आयशाबीनं गादीवरून विचारलं. अगदी गोड आवाजात.

वाहिदनं पद्मजाताईंकडं पाहिलं. लालीबाईकडं पाहिलं. आतल्या दाराशी ते पोतं होतं, एकटंच, त्याच्याकडं पाहिलं.

"बोल ना बाप्पा," लालीबाई म्हणाली.

"चहा तं… मी जपूनच देतो," वाहिद कसाबसा म्हणाला.

"मंग उद्यापासून नको जपू. सकायी भाभीले बसू दे गल्ल्यावर. तिच्या हाताले फरक समजते. तुले नाही समजत." लालीबाईचा निकाल म्हणजे चौकाचा निकाल. पद्मजाताईंनीही मान डोलावली.

आयशाबीला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. नवऱ्याची जरा दयाही आली, पण जराच. माणूस तीन तास प्रवास करून आला होता.

"थकले असाल," ती म्हणाली. "चहा ठेवतो तुमच्यासाठी." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "कोनता ठेवू? साहेबाइचा, का लालीबाईचा?"

दोघी बाया वळून वाहिदकडं पाहायला लागल्या. उकंडाकाकांनी जाता जाता स्कूटर बंद केली.

"उकंडाकाकाचा," वाहिद म्हणाला, आणि बॅग मांडीवर घेऊन बाहेरच्या, गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसला.