रिकाम्या टाकीला घाम येतो

गेन्ता हे लिहिणारच नव्हता. म्हणजे जॉबकार्डवर बाकीचं सगळं त्याने लिहिलं होतं. मालकाचं नाव, ट्रॅक्टर किती तास चाललाय, बदललेले दोन फिल्टर, साफ केलेली टाकी. खाली सहीसुद्धा ठोकली होती. फक्त शेवटचा रकाना कोरा ठेवून ते कार्ड खिशात घालून तो दोन दिवस फिरत होता. रकाना बोटभर. वर छापलेलं, ‘कारण’.

त्या बोटभर जागेत एका माणसाचं वाटोळं आरामात मावणार होतं. कोणाचं, तेवढंच ठरायचं होतं. ‘डिझेलमध्येच पाणी होतं’ असं लिहिलं तर शेतकी सोसायटीचा डिझेलचा टँकर चालवणाऱ्या कामाता काकांचं. आणि खरं लिहिलं तर तोमोयाचं. तोमोया त्याचा पहिलीपासूनचा मित्र.

झालं असं.

मे लागला होता. उत्तरेकडच्या थंड तोकाचीत मे लागला की कोणाला कोणाशी बोलायला सवड नसते. जमीन आत्ता कुठे मोकळी झालेली, डोंगरांवर अजून बर्फ, आणि सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदम बाहेर. तोमोयाची बीटची रोपं तयार होती. मार्चपासून प्लॅस्टिकच्या मांडवात, रात्री स्टोव्ह पेटवून, पंचेचाळीस दिवस सांभाळलेली. रोपं तयार झाली की आठवड्यात जमिनीत जायला हवीत. नाहीतर मुळं एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि मग यंत्राला ती सुटी करता येत नाहीत.

तिसऱ्या सरीला ट्रॅक्टर खोकला. पांढरा धूर काढला. बंद पडला.

गेन्ता सोसायटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तो पोचला तेव्हा तोमोया पुढच्या चाकावर बसून भाताचा गोळा खात होता.

“आला बघा डॉक्टर,” तोमोया म्हणाला. “पेशंट थंड झाल्यावर.”

“पेशंटने खाल्लं काय ते सांग आधी.”

“खाल्लं नाही, प्यायलाय. वाटी बघ.”

इंजिनाच्या बाजूला काचेसारखी एक वाटी असते. तळाशी लाल कडी. डिझेलमध्ये ती बुडते आणि पाण्यावर तरंगते. पाणी जेवढं वर, तेवढी कडी वर. आज कडी पार गळ्याशी येऊन टेकली होती.

गेन्ताने वाटी खोलून जॅमच्या बरणीत ओतली. उन्हात धरली. खाली स्वच्छ पाणी, वर डिझेल, आणि मध्ये शेंबडासारखा तपकिरी थर.

“कामाता म्हातारा,” तोमोया म्हणाला. “डिझेल ओतायला आला त्या दिवशी बर्फ पडत होता. मोठ्या टाकीचं झाकण उघडं टाकून हा वरचा बर्फ झाडत बसला. मी डोळ्यांनी बघितलं. सोसायटीत सांगूनही आलोय.”

ते गेन्ताला ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक झालं होतं. तोमोयाने आदल्या दिवशी सकाळी सांगितलं आणि दुपारपर्यंत आणखी तिघांचे फोन गेले, की आमच्याकडे तो म्हातारा नको. कामाता काकांना टँकरवरून उतरवून पंपावर गाड्यांच्या काचा पुसायला लावलं. चौतीस वर्षं टँकर चालवलेला माणूस, रिटायर व्हायला एक वर्ष. मॅनेजर गेन्ताला म्हणाले होते, “तू कारण काय लिहितोस ते बघू, मग ठरवू.”

मेकॅनिकने मुळापासून सुरुवात करायची असते. गेन्ता मळ्यातल्या मोठ्या टाकीकडे गेला, जिच्यात कामाता काका डिझेल ओततात. मोजायच्या काठीला मलम लावलं. त्याला पाणी लागलं तर ते लाल होतं. काठी तळापर्यंत घातली, अर्धा मिनिट थांबला, वर काढली. मलम जसंच्या तसं पिवळं. तळाचा कॉक उघडून पेलाभर काढलं. निव्वळ डिझेल.

“हिच्यात थेंब नाही,” तो म्हणाला.

“खाली बसलं असेल.”

“पाणी खालीच बसतं रे. मी खालचंच काढलं.”

“मग आटलं असेल.”

“डिझेलच्या खालून? तू नक्की माझ्याच वर्गात होतास ना?”

तोमोया हसला नाही. गेन्ता फडक्याला हात पुसत राहिला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “ट्रॅक्टरमध्ये कधी भरलंस?”

“वीस एप्रिल. शेडमधून काढला त्या दिवशी.”

“किती गेलं?”

तोमोयाने भाताच्या गोळ्याचा कागद चुरगाळला, उलगडला, परत चुरगाळला. रोपांकडे बघत म्हणाला, “एकशे चाळीस.”

ट्रॅक्टरची टाकी दीडशे लिटरची. गेन्ता उपसायची नळी आणायला गाडीकडे वळला.

त्याने टाकी पूर्ण उपसली. आत टॉर्च मारला. तळापासून चार बोटं पत्रा चकचकीत. त्याच्यावर एक सरळ रेघ, आणि रेघेच्या वर गंजाचे ठिपके, थेट गळ्यापर्यंत. सगळा हिवाळा टाकी चार बोटं डिझेलवर उभी होती. पत्र्याची शेड. दिवसा ऊन लागलं की आत ऊब, रात्री उणे पंचवीस. टाकीत जेवढी हवा, तेवढं पाणी भिंतींना धरतं आणि ओघळतं. रोज थोडं थोडं, पाच महिने. एप्रिलमध्ये वरून डिझेल पडलं, ते पाणी तळाला जाऊन बसलं आणि तिसऱ्या सरीला वर आलं.

हे गेन्ताला शिकवलं होतं ते तोमोयाच्या वडिलांनीच. नुकाया काकांनी. दोघं दहा वर्षांचे असताना. नोव्हेंबरात ट्रॅक्टर आत घालताना गेन्ता टॉर्च धरायचा, तोमोया नळी, आणि काका मागे उभे राहून म्हणायचे, “गळ्यापर्यंत, पोरांनो. अजून. रिकाम्या टाकीला घाम येतो.” चाळीस वर्षांत त्यांचा हा नेम चुकला नव्हता. काकू गेल्या त्या वर्षी, नोव्हेंबरच होता, काका स्मशानातून आले, काळा कोट खुंटीला लावला आणि शेडमध्ये जाऊन टाकी भरली. गेन्ताने स्वतः बघितलं होतं.

असा माणूस विसरत नाही.

गेल्या नोव्हेंबरात तोमोया घरात नव्हता. ऑक्टोबरात बापलेकांचं वाजलं. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. “तुमची जमीन तुम्हीच खा,” म्हणून तोमोया साप्पोरोला गेला आणि गोदामात खोकी उचलत बसला. फेब्रुवारीत दोन बॅगा घेऊन परत आला. बाप काही बोलला नाही. लेकही बोलला नाही. मार्चमध्ये त्याने बीट पेरलं.

गेन्ताने टाकी धुतली, फिल्टर बदलले, नळ्यांतली हवा काढली. दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला आणि तोमोया चौथ्या सरीला लागला. तो लांब गेल्यावर गेन्ता मांडवात गेला. नुकाया काका रोपांना पाणी घालत होते.

“काका, नोव्हेंबरात टाकी भरली नव्हती का?”

“विसरलो.”

“तुम्ही?”

“माणूस विसरतो.”

“काकू गेल्या त्या दिवशी नाही विसरलात.”

काकांनी नळ बंद केला. पाईपमधून थोडा वेळ टपटप होत राहिलं.

“ओबिहिरोहून जुन्या गाड्यांवाला येणार होता,” काका म्हणाले. “मार्चमध्ये. ट्रॅक्टर, लावणीचं यंत्र, सगळंच उचलणार होता. विकायच्या गाडीची टाकी कोण भरतं?”

“आणि मग तोमोया आला.”

“मग तो आला.”

“मग रद्द केलंत ना?”

“पुढे ढकललं. ऑक्टोबरवर.”

गेन्ताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “पण तो राहतोय की. लावणी करतोय. तुम्ही पाणी घालताय त्याच्या रोपांना.”

“रोपांचा काय दोष,” काका म्हणाले. “हे बघ गेन्ता, तो एकदा गेला. परत जाईल. मी एकोणसत्तरचा. दर हिवाळ्यात दाराकडे बघत बसायचं मला जमणार नाही. बीट निघू दे, मग सांगतो त्याला. तू बोलू नकोस. बोललास तर तो उद्याच जाईल, आणि ही रोपं इथेच कुजतील.”

“आणि कामाता काका?”

“त्याचं काय? पुढच्या वर्षी रिटायरच होतोय. लिही त्याच्या नावावर. त्याचं काय जातंय?”

पाना कसा धरायचा हे ज्यांनी गेन्ताला शिकवलं ते हेच. त्याला एकदम त्यांच्या हातांकडे बघवेना. तो निघाला. मागे परत पाणी सुरू झालं.

दोन दिवस कार्ड खिशात. पहिल्या दिवशी वाटलं, लिहू डिझेलवर. कामाता काका काही आपले नातेवाईक नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीत डिझेल भरायला पंपावर जावंच लागलं. कामाता काका बादली घेऊन पुढे आले आणि काच पुसायला लागले. टोपी तीच, टँकरवाली.

“काय साहेब,” ते काचेच्या पलीकडून म्हणाले. “झाला का माझा निकाल?”

“साहेब काय म्हणता काका.”

“आता गाड्या पुसतो, सगळेच साहेब.” त्यांनी फडकं पिळलं. “झाकण उघडायच्या आधी बर्फ झाडतो मी. आधी. नाहीतर तो आतच पडणार ना? बर्फ जास्त असेल तर छत्री धरतो. माझ्यावर नाही, टाकीच्या तोंडावर. माझी बायको हसते, म्हणते लग्नात माझ्यावर नाही धरलीस एवढी.” काच पुसून झाली होती तरी ते पुसत होते. “तुझा मित्र म्हणतो डोळ्यांनी बघितलं. बघितलं असेल बाबा. मी कोण नाही म्हणणारा.”

एवढंच. विनवणी नाही, काही नाही. विनवणी केली असती तर कदाचित गेन्ताला राग आला असता आणि काम सोपं झालं असतं.

त्याने तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कार्ड ठेवून लिहिलं. हिवाळ्यात ट्रॅक्टरची टाकी रिकामी राहिली. आतल्या आत पाणी जमलं. डिझेलमध्ये दोष नाही.

मॅनेजरनी वाचलं. “बरं,” म्हणाले. मग म्हणाले, “पण आता नव्या ड्रायव्हरला तो रस्ता देऊन बसलोय. घरं कळायला लागलीयत त्याला. परत कुठे बदलाबदली. कामाताला पंपावर बरं पडतंय, वयही झालंय.” आणि कार्ड फायलीत घातलं.

तेवढ्यासाठी गेन्ता दोन दिवस जेवला नव्हता.

कार्डाची एक प्रत मालकाला जाते. पोस्टाने पाठवता आली असती. पण ते गेन्ताला जमलं नाही. तो स्वतः घेऊन गेला. तोमोयाची शेवटची सरी संपत आली होती. चिखलाने भरलेला, खुशीत होता. दोन कॉफीचे डबे काढले, एक गेन्ताला दिला आणि कार्ड वाचलं. बोटभर मजकूर वाचायला त्याला बराच वेळ लागला.

“माहीत होतं मला,” तो म्हणाला.

“काय?”

“वीस एप्रिललाच. नळी धरून उभा होतो, डिझेल गळ्याला येईचना. शंभरला वाटलं, मीटर बिघडलाय. एकशे वीसला कळलं.” त्याने डबा उघडला, प्यायला नाही. “मी येणारच नाही, असं धरून चालले होते बाबा.”

“मग कामाता काकांवर का ओरडलास?”

“बाबांवर ओरडलो असतो तर त्यांनी उत्तर दिलं असतं.”

गेन्ताने आपला डबा उघडला.

“गेलो होतो आज पंपावर,” तोमोया म्हणाला. “माफी मागितली, वाकून. सगळ्यांसमोर. म्हातारा माझी काच पुसत होता. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, मागचीही पुसू का?”

लार्चच्या झाडांच्या रांगेमागे ऊन उतरलं होतं. मांडवात आता रोपं नव्हती, नुसते रिकामे ट्रे. नुकाया काका ते धुऊन एकावर एक रचत होते. इतक्या लांबून त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

“तुला काही म्हणाले का बाबा?” तोमोयाने विचारलं. “टाकीबद्दल.”

“विसरलो म्हणाले.”

खोटं नव्हतं. पहिला शब्द तोच होता.

“विसरले, हं.” तोमोया हसला. या आठवड्यात पहिल्यांदाच. “म्हणू दे. नोव्हेंबरात मी नव्हतो, त्यांनी नाही भरली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नसती भरली. पण आता आहे ना मी. हे बघ, सगळं लागलं. एक रोप वाया नाही गेलं.” त्याने ट्रॅक्टरच्या टाकीवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. “या नोव्हेंबरात तू ये. मी नळी धरतो, तू टॉर्च धर. बाबांना नुसतं मागे उभं करू. ओरडू दे त्यांना, गळ्यापर्यंत म्हणून. येशील ना?”

शेडचं दार उघडं होतं. आत ट्रॅक्टरची जागा रिकामी, जमिनीवर तेलाचा जुना डाग. ऑक्टोबर नोव्हेंबरच्या आधी येतो, आणि ओबिहिरोचा गाड्यांवालाही. गेन्ताने कॉफी संपवली. डबा दाबून चपटा केला, खिशात घातला, जिथे दोन दिवस ते कार्ड होतं.

“येईन,” तो म्हणाला.

“नक्की? मागच्या वेळी तुझ्या टॉर्चचे सेल गेलेले होते.”

“नक्की. नवे सेल घालून आणतो.”