मुरमातला खड्डा

जमिनीखालच्या पोलादी पाणीवाहिनीवर मी बावीस वर्षे पायी गस्त घातली; परंतु निरीक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांच्या मुखी नाव आले ते माझ्या मेहुण्याचे. तो पदविकाधारक, माती तपासण्याचे यंत्र घेऊन नुकताच आमच्या विभागात रुजू झालेला. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. मत्सर हा मनुष्याचा शत्रू होय, हे मी वाचलेले आहे. तथापि त्या दिवसांत तो रोज माझ्याच ताटात जेवत होता.

एके दिवशी जेवताना मेहुणा आपल्या बहिणीस विद्या सांगू लागला. "ताई, ओली चिकण माती वीज सहज वाहू देते. तिथं पोलाद लवकर गंजतं. कोरडा मुरूम वीज अडवतो, तिथं पाइप टिकतो. चार सळया ओळीत ठोकायच्या, वीज सोडायची, आकडा बघायचा. आकडा कमी म्हणजे माती वाईट. फक्त ओळ पाइपला आडवी हवी. पाइपच्याच रेषेत ठोकल्या, तर वीज पोलादातून पळते नि चांगली माती उगाच बदनाम होते."

"अहो, ऐकताय ना?" पत्नी मला म्हणाली. "नाहीतर तुम्ही! बावीस वर्षं नुसत्या चपला झिजवल्यात."

"मी झिजलो म्हणून पाइप शाबूत आहे," मी म्हणालो.

मेहुणा मोकळेपणाने हसला. त्याचे दातसुद्धा सरळ होते.

दुसऱ्या दिवशी मुरमाच्या उंचवट्यावर त्याने नकाशा उघडला. नकाशात वाहिनी सरळ जाते. वस्तुतः ती टाकतेवेळी तेथे खडक लागला, म्हणून काटकोनात वळविली होती. मी तेव्हा त्याच कामावर मजूर होतो. नकाशा मात्र कोणी सुधारला नाही. मेहुणा नकाशातल्या रेषेला आडव्या अशा सळया ठोकू लागला, त्या नेमक्या खऱ्या वाहिनीच्याच रेषेत पडल्या.

"दाजी, पाइप इथं सरळच जातो ना?"

"नकाशात आहे तसाच," मी उत्तरलो. माझी जीभ अडखळली नाही, हे नमूद करणे मला भाग आहे.

आकडा अत्यंत कमी आला. वाहिनी उघडून पाहण्यासाठी वर्षाला एकच खड्डा मंजूर होत असे. साहेबांनी तो तेथेच खोदविला. चिकण मातीतला सखल भाग तसाच राहिला. मुरमात वाहिनी निघाली ती नव्या नवरीसारखी, गंजाचा ठिपका नाही. आणि तीही भलत्याच दिशेने चाललेली.

"हिला माहेर आठवलं वाटतं!" एक मजूर म्हणाला आणि सारे हसले. माझ्या अंतःकरणात तर दिवाळी झाली.

साहेब हसले नाहीत. "या वळणाची माहिती कोणालाच नव्हती?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. त्याला सर्व उमगले होते. "चूक माझी, साहेब. दाजींना विचारायला हवं होतं. राहून गेलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यानं विचारलं होतं, साहेब. मीच सांगितलं नाही."

निरीक्षकपद त्याला मिळाले. माझ्या हाती ताकीदपत्र आले.

घरी पत्नीने ते दोनदा वाचले. "तो सावरून घेत होता ना? मग कशाला बोललात?"

"अगं," मी म्हणालो, "मग तिथंही तोच चांगला ठरला असता."